वरची हवा

मिरजेत, डॉक्टर आवटींच्या वेटिंग रूममध्ये,
बाकांच्या समोर तीन फुटांची टाकी आहे.
ती माझ्याकडे. केसपेपर, टोकन, फोन आणि मासे.
पगार तेवढाच.

आधी नऊ निऑन टेट्रा होते,
तळाला मिशीवाले दोन कोरी, वाळू चाळत बसणारे.
मग सरांनी हौसेनं निळे गोरामी आणले. दोन. दोन्ही नर.
दुकानात सांगितलं म्हणे, जात शांत आहे.
शांत!
आठ दिवसांत एकाची शेपटी झिजल्या केरसुणीसारखी.
तो हीटरच्या मागे उभा राहायचा, रंग उडून,
आणि दुसरा फिरायचा
अख्ख्या टाकीचा सातबारा नावावर असल्यासारखा.

मी दगड हलवले सगळे.
जागा ओळखीची राहिली की हक्कही राहतो.
रबर लावलेल्या जुड्या आणल्या, कोथिंबिरीसारख्या,
आणि मधोमध रोवल्या,
म्हणजे उठल्यासुटल्या तोंड दिसायला नको एकमेकांचं.
फिल्टरचा झोत भिंतीकडे वळवला,
वर तरंगती पानं सोडली.
तरी चालूच.
शेवटी एकाला पिशवीत घालून परत नेला.
दुकानातला इरफान म्हणाला, ताई, चुकून दणकट आणलात,
हा ठेवा, तो मरतुकडा द्या.
म्हटलं, चुकून नाही.
बदल्यात दोन माद्या घेतल्या.

हीटरमागचा हळूहळू निळा झाला.
छातीखालचे दोन लांब धागे पुढे करून
आता तो सगळ्यांना शिवून बघतो,
टेट्राला, दगडाला, काचेवरच्या बोटाला,
पाहुण्यांना गाव विचारावं तसा.

सोमवारी गर्दी असते.
कल्लाप्पा मगदूम येतात सांगलीहून,
हळद पॉलिशच्या गिरणीत अठ्ठावीस वर्षं.
रुमाल पांढरा असतो, तो घरून निघेपर्यंतच.
टाकीजवळची खुर्ची त्यांची.
"बाई, ह्यो मरतोय वाटतं. सारखा वर येतोय. दम लागलाय त्याला."
नाही मामा, त्याला तसंच लागतं.
पाण्यातली हवा पुरत नाही त्याला.
डोक्यात एक कप्पा असतो, घड्याघड्यांचा,
त्यात तो वरची हवा भरून नेतो.
"जल्मापासनं?"
लहानपणी नसतो. मग तयार होतो.
मामा बराच वेळ बघत राहिले.
तो आला, एक घोट घेतला, गेला.
"आनि ही बाकीची? हसत न्हाईत त्याला?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
मामांचा पंप पिशवीच्या तळाशी असतो,
टॉवेलात, टॉवेल परत कॅरीबॅगेत,
चोरीच्या मालासारखा.
घ्यायची वेळ झाली की ते जिन्याखाली जातात,
स्कूटरींच्या मागे.
सून म्हणते, पंप लागला म्हणजे संपलं.

डिसेंबरात मी टाकीचं झाकण घट्ट बसवलं.
मामांनी विचारलं, कशाला?
म्हटलं, वरची हवा गार झाली की बाधते त्याला.
"माझंबी तेच हाय," म्हणाले,
आणि मफलर सोडून पुन्हा बांधला, कानांवरून.

आज नराने कोपऱ्यात फेसाचं घरटं केलंय.
बुडबुडा वर सोडतो, त्याला दुसरा चिकटवतो,
पानाचा तुकडा ओढून आणतो.
सर म्हणाले, फिल्टर का बंद?
दोन दिवस सर. लाटेनं मोडतं.
आत नेब्युलायझर घुरघुरतोय,
एक पोरगं रडून रडून आता श्वास घेतंय.
टेट्रा लांबून वळसा घालून जातात. त्याने त्यांना तसं सांगितलंय,
एकदाच, न चावता.

टोकन अकरा.
मामा उठले नाहीत.
हात पिशवीत आहे. टॉवेलाची गाठ सुटलीय,
कॅरीबॅगेचा आवाज येतोय,
आणि बाकावरची बाई
मासे बघतेय.
मी अकराला परत हाक मारत नाही.
बाराला पाठवते.